टेम्पोवाली टीम समोर आली की करायचं काय? कॉलेज फुटबॉलमधला वेग, सोप्या भाषेत

माझा भाचा गेल्या वर्षी अमेरिकेत शिकायला आला आणि दोन महिन्यांत त्याला इथल्या कॉलेज फुटबॉलचं असं वेड लागलं की विचारू नका. मध्यंतरी फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "मामा, शनिवारी समोर टेम्पोवाली टीम आहे, आमचं काही खरं नाही." पाच मिनिटांत सांगलीहून ताईचा फोन. टेम्पोवाली म्हणजे काय रे? आणि काही खरं नाही म्हणजे? पोराला काही लागलं-बिगलं नाही ना?

तिला आधी सांगितलं की हा मंडईत भाजी घेऊन येणारा टेम्पो नव्हे. टेम्पो म्हणजे खेळाचा वेग, एक चढाई संपली की समोरच्याला श्वास घ्यायला न देता लगेच दुसरी. मग ती म्हणाली, एवढंच ना, मग ह्यांनी पण जोरात पळावं. तिथून जो विषय सुरू झाला तो अर्धा तास चालला, आणि तिचे प्रश्न इतके नेमके होते की तेच इथे क्रमाने लिहितोय. मुलं अमेरिकेत शिकायला असणाऱ्या बऱ्याच आईबापांना सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवारी हेच कोडं पडत असणार.

उदाहरण घेतलंय स्टॅनफर्ड आणि ऑरेगन ह्या दोन युनिव्हर्सिटींच्या टीमचं. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहतो, स्टॅनफर्ड जवळ आहे, त्यामुळे माझा जीव तिकडे आहे हे आधीच सांगतो. पण खरं कारण वेगळं आहे. वेगवान टीमपुढे पार धुऊन निघणं आणि मग त्याच टीमला दोन वर्षं लागोपाठ रोखणं, दोन्ही एकाच जोडीत इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं.

आधी खेळ, दोन मिनिटांत

मैदान १०० यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्हीकडे ११-११ जण. ज्यांच्याकडे बॉल आहे ती ऑफेन्स, अडवणारी डिफेन्स. ऑफेन्सला चार प्रयत्न मिळतात, प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात, आणि ह्या चारांत १० यार्ड पुढे जायचं. गेले तर पुन्हा नवे चार, नाही गेले तर बॉल समोरच्यांचा, म्हणून चौथ्या वेळी बहुतेकदा बॉल लांब लाथाडून देऊन टाकतात. शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, ६ पॉइंट, वर एक किक मारून १ अजून. तिथपर्यंत पोचलो नाही पण जवळ आलो तर खांबांमधून किक मारून ३, ते फील्ड गोल.

कबड्डी बघणाऱ्यांना हे पटकन कळतं. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय असते ना, तसाच इथला तिसरा डाऊन. अख्ख्या स्टेडियमचा श्वास तिथे अडकतो.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑफेन्सचे अकरा वेगळे आणि डिफेन्सचे अकरा वेगळे. म्हणजे बॅटिंगला एक टीम आणि बॉलिंगला दुसरीच, असं समजा. ऑफेन्स मैदानात असते तेव्हा त्याच टीमची डिफेन्स बाकावर बसून पाणी पीत असते. पुढचं सगळं ह्या पाण्यावर अवलंबून आहे.

टेम्पो म्हणजे नक्की काय

नेहमीच्या खेळात एक प्ले, म्हणजे एक चढाई, पाच-सहा सेकंदांत संपतो. पण ते सेकंद म्हणजे कुस्ती असते, पुढच्या रांगेतले गडी १३०-१४० किलोचे, एकमेकांना छातीने ढकलत असतात. मग पुढचा प्ले सुरू करायला ऑफेन्सकडे ४० सेकंद असतात. त्यात सगळे गोल कोंडाळं करतात, त्याला हडल म्हणतात, पुढचा डाव ठरतो, आरामात जागेवर येतात. तेवढ्यात समोरच्या डिफेन्सलाही दम घ्यायला मिळतो, थकलेला गडी बाहेर जातो, ताजा आत येतो.

टेम्पोवाली टीम हे कोंडाळंच करत नाही. प्ले संपला की सरळ जागेवर उभे, बाहेरून हातवारे, आणि चाळीसपैकी पंधरा-वीस सेकंदांतच पुढचा बॉल. ऑरेगनचे कोच चिप केली होते, २००९ ते २०१२, त्या चार वर्षांत ४६ मॅच जिंकल्या आणि ७ हरल्या. त्यांची माणसं मैदानाबाहेर मोठमोठे पुठ्ठे धरून उभी राहायची, पुठ्ठ्यावर चार चित्रं, कुठलंही काहीही, आणि त्या चित्रांवरून खेळाडूंना कळायचं पुढे काय करायचं ते. प्रॅक्टिससुद्धा कानठळ्या बसवणारं म्युझिक लावून, त्याच वेगात. २०१२ च्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ही टीम मॅचमागे ५० च्या वर पॉइंट करत होती. हा आकडा खरंच अफाट आहे, साधारण बऱ्या टीमला तिशी गाठली तरी समाधान असतं.

खो-खो खेळलेल्यांना ह्यातला त्रास सांगायला नको. पळणारा तोच, आणि खो घ्यायला बसलेले सगळे ताजे. एक खो, दुसरा खो, तिसरा खो, प्रत्येक वेळी मागे नवीन पाय लागतात आणि आपले पाय मात्र तेच. चपळाईत पळणारा कुठे कमी नसतो, त्याला दम खाऊ देत नाहीत म्हणून तो सापडतो.

मग बदली खेळाडू का आणत नाहीत?

ताईचा पहिला प्रश्न हाच होता, आणि ह्या सगळ्याची किल्ली इथेच आहे. बदली करायला बंदी नाही. पण नियम असा की ऑफेन्सने स्वतःचा गडी बदलला तरच अंपायर बॉलजवळ उभा राहून डिफेन्सला बदलायला वेळ देतो. ऑफेन्सने तेच अकरा ठेवले तर अंपायर थांबत नाही. आता तुमचा दमलेला गडी बाहेर पळतोय आणि नवा आत येतोय, तेवढ्यात समोरच्यांनी पुढचा प्ले सुरू केला तर तुम्ही मैदानात बारा, पेनल्टी. नाहीतर दहाच उभे, म्हणजे भगदाड.

त्यामुळे जे अकरा आत आहेत ते आतच अडकतात. चुकून फास्ट लोकलमध्ये चढल्यासारखं, मधली स्टेशनं डोळ्यांसमोरून जातायत पण उतरता येत नाही, गाडी थांबेल तिथेच उतरायचं. पळवून पळवून दमवणं हा एक भाग झाला, पण चुकीच्या माणसांना आत कोंडून ठेवणं हा त्याहून वाईट. समजा दोन डाऊन तुम्ही जाडजूड गडी ठेवलेत कारण समोरचे बॉल घेऊन पळतील असं वाटलं, आता तिसऱ्याला त्यांनी लांब पास टाकायचं ठरवलं, तुम्हाला तिथे हलकी पळणारी पोरं हवी आहेत आणि ती बसली आहेत बाकावर.

वर डोक्याचा थकवा. डिफेन्सच्या अकराही जणांना प्रत्येक प्लेआधी कुठे उभं राहायचं आणि कुणावर नजर ठेवायची ते कळायला लागतं. दहा जणांना कळलं आणि एकाला नाही कळलं तर ऑफेन्सला तेवढंच पुरतं. ऑरेगनचा लाडका डाव बघा, झोन रीड. डिफेन्सचा एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा, कुणी त्याला अडवायचंच नाही, आणि बॉल हातात असलेला क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्सचा सूत्रधार, फक्त त्या एकाकडे बघणार. तो गडी शेजारच्या पळणाऱ्यावर झेपावला तर क्वार्टरबॅक बॉल स्वतःकडे ठेवून दुसरीकडून निघणार, आणि तो जागेवर थांबला तर बॉल पळणाऱ्याच्या हातात. चौकात एकच हवालदार आणि दोन बाजूंनी दोन स्कूटरवाले, तो ज्याच्याकडे वळेल त्याच्या उलटा निघून जाणार. ताज्या डोक्याने हे कसंबसं सांभाळता येतं, पण सत्तराव्या प्लेला छातीचा भाता झालेला असताना ते अर्ध्या सेकंदाने उशिरा कळतं, आणि तो अर्धा सेकंद म्हणजे टचडाऊन.

२०१० ची मॅच ह्याचा अगदी पुस्तकात घालावा असा नमुना आहे. स्टॅनफर्ड ऑरेगनच्या घरी गेलं आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे मॅचच्या पहिल्या पाव भागात, २१-३ पुढे. हाफटाइमला ३१-२४, अजूनही पुढेच. दुसऱ्या हाफमध्ये ऑरेगनचे २८ आणि स्टॅनफर्डचा भोपळा, शेवट ५२-३१. दुसऱ्या वर्षी, २०११ ला, स्टॅनफर्ड तोवर एकही मॅच हरलेलं नव्हतं, क्वार्टरबॅक अँड्र्यू लकसारखा, मैदान घरचं, तरी ५३-३०. दोन वर्षांत १०५ पॉइंट खाल्ले. त्या दिवसांत इथले लोक अगदी मनापासून म्हणायचे की ह्या टीमला अडवण्याचं औषधच नाही.

आपणही तसंच जोरात पळायचं ना मग?

ताईचा उपाय. आणि तो अगदीच वेडगळ नाही, २००९ ला स्टॅनफर्डने ऑरेगनला ५१-४२ असं पॉइंटांचा पाऊस पाडूनच हरवलं होतं, टोबी गेरहार्ट नावाचा एक धिप्पाड रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, एकटा २२३ यार्ड पळाला. रोज मात्र असा दिवस उगवत नाही.

अडचण हिशोबाची आहे. दोघेही जोरात खेळले तर दोघांच्याही पाळ्या वाढतात, आणि पाळ्या वाढल्या की जो खरा सरस आहे त्याचं सरसपण वर येतं. गल्लीत पाच ओव्हरच्या मॅचमध्ये कुणीही कुणाला हरवू शकतं, एक कॅच सुटला, दोन फटके बसले, झालं. पाच दिवसांच्या कसोटीत तसं होत नाही. म्हणजे समोरचा आपल्यापेक्षा भारी असेल तर मॅच लहान व्हायला हवी, आणि जोरात पळून आपण ती मोठी करून बसतो. शिवाय ते वर्षभर त्याच वेगाची तालीम करतात, आपण एका आठवड्यात काय करणार?

मग बॉल आपल्याकडेच ठेवून घोळवत बसायचं!

हे टीव्हीवरची मंडळीही दर वेळी सांगतात, त्यांची ऑफेन्स बाहेर बसवा म्हणजे ती पॉइंट कशी करेल. ऐकायला बरोबर वाटतं पण ह्यात एक मोठी गफलत आहे, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

फुटबॉलमध्ये पाळी आलटून पालटून येते. तुमचा बॉल संपला की त्यांचा, त्यांचा संपला की तुमचा. तुम्ही आठ मिनिटं घोळवा नाहीतर एक मिनिट, दोघांच्या पाळ्या जवळपास सारख्याच राहणार. समजा एरवी दोघांना १३-१३ मिळाल्या असत्या, तुम्ही घड्याळ खाल्लंत तर ९-९ मिळतील. त्यांच्या चार गेल्या खऱ्या, पण तुमच्याही चार गेल्याच की! आठ मिनिटं खाऊन शेवटी बॉल लाथाडून देणार असाल तर तुम्ही फक्त वेळ घालवलात, कमावलं काहीच नाही.

तरीही हळू खेळण्याचे दोन फायदे खरे आहेत. एक वर सांगितला तो, मॅच लहान होते आणि कमजोर टीमला नशिबाची साथ मिळायची शक्यता वाढते, त्यांची एखादी पाळी वाया गेली तर ती तेरातली एक नसते, नवातली एक असते. दुसरा फायदा पाण्याचा. तुमची ऑफेन्स सात मिनिटं मैदानात राहिली तर तुमची डिफेन्स सात मिनिटं बाकावर. पण हे दोन्ही तेव्हाच लागू पडतात जेव्हा त्या सात मिनिटांच्या शेवटी फळ्यावर काहीतरी लागतं, आणि शक्यतो तीन नाही, सात.

मग २०१२ ला झालं काय?

१७ नोव्हेंबर २०१२, शनिवार. दिवाळी त्याच आठवड्यात झालेली, आम्ही पाच-सहा घरं उरलासुरला फराळ घेऊन एका मित्राकडे जमलो होतो, संध्याकाळी पाचला मॅच. ऑरेगन एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत देशात पहिल्या नंबरवर, एकही मॅच न हरलेली, आणि खेळणार युजीनला, त्यांच्या ऑट्झन स्टेडियममध्ये, जिथला आवाज टीव्हीतूनही नकोसा होतो. स्टॅनफर्डचा क्वार्टरबॅक केविन होगन, नवखा पोरगा, सुरुवातीपासून खेळण्याची ही त्याची दुसरीच मॅच. आमच्यातल्या कुणालाही आशा नव्हती, खरंच नव्हती.

सुरुवातीलाच ऑरेगनचा मार्कस मारिओटा बॉल घेऊन सुटला, ७७ यार्ड. पुढे त्याच्या वाटेत एकच स्टॅनफर्डवाला आणि त्याला अडवायला ऑरेगनचाच एक गडी सोबत पळतोय, म्हणजे टचडाऊन झाल्यातच जमा. पण त्या सोबत्याने अडवलंच नाही, आणि डेव्हन कॅरिंग्टनने मारिओटाला रेषेआधी पाडलं. आता एरवीची टीम काय करते, एवढी मोठी धाव खाल्ली की मनाने खचते आणि पुढच्या दोन प्लेत पॉइंट देऊन टाकते. स्टॅनफर्डने तिथून चारही डाऊन रोखले आणि ऑरेगनला हात हलवत परत पाठवलं. मला विचाराल तर मॅच तिथेच फिरली, जरी फळा तेव्हा कोराच होता.

स्टॅनफर्डच्या डिफेन्सची आखणी डेरेक मेसन यांची होती, आणि तिचं तत्त्व ऐकायला कंटाळवाणं वाटेल इतकं साधं, घाईने झेप घालायची नाही, आपली जागा सोडायची नाही, बॉलवाल्याला बाहेरच्या कडेने वळसा घालू द्यायचा नाही, आणि हात लागला की पाडायचंच. त्या चौकातल्या हवालदाराने कुणामागेच न पळता रस्ता अरुंद करून टाकायचा. दुसरं म्हणजे त्यांच्याकडे शेन स्कोव्ह, ट्रेंट मर्फी, चेस थॉमस असे गडी होते जे दांडगेही होते आणि पळायलाही कमी नव्हते, त्यामुळे चुकीची माणसं आत अडकण्याचा प्रश्नच बराचसा मिटला. तेच अकरा धावही अडवतील आणि पासही. बदली करायला मिळत नसेल तर बदली लागणारच नाही अशी माणसं उभी करा, हा खरा उपाय. बोलायला सोपा आहे पण अशी माणसं घडवायला चार-चार वर्षं लागतात.

वर्षभर धावांचे डोंगर उभे करणाऱ्या ऑरेगनला त्या दिवशी पळून २०० यार्डसुद्धा मिळाले नाहीत. तिसऱ्या डाऊनला ते पुन्हा पुन्हा अडकले. इकडे स्टेफान टेलर तीन-तीन, चार-चार यार्ड करत १६१ यार्ड पळाला, कुठेही झगमगाट नाही. तरी शेवटच्या दोन मिनिटांत १४-७ अशी ऑरेगनच पुढे होती. मग १ मिनिट ३५ सेकंद राहिले असताना होगनचा पास, झॅक अर्ट्झने पडता पडता पकडला, रेफ्री आधी नाही म्हणाले, मग व्हिडिओ बघून हो म्हणाले. १४-१४. ओव्हरटाइममध्ये दोघांना एकेक पाळी, ऑरेगनची किक खांबाला लागून बाहेर आली, आणि जॉर्डन विल्यमसनने ३७ यार्डांवरून मारली ती आत. १७-१४. पन्नाशी ओलांडणाऱ्या टीमचे चौदा!

आमच्याकडे त्या घरात जो आरडाओरडा झाला त्याने झोपलेली लहान मुलं उठली. चकलीचा डबा हातात तसाच घेऊन एक काका उभे होते, त्यांना नियम अर्धेही माहीत नव्हते, तेही ओरडत होते.

वेग उलटतो कसा

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो तो मुद्दा.

टेम्पोवाली टीम दहा यार्ड मिळवत राहिली तर तिचा वेग समोरच्याला मारतो. पण तिला पहिल्या तीन डाऊनमध्ये दहा यार्ड मिळाले नाहीत तर? तिने ते तीन डाऊन किती वेळात संपवले? मिनिटभरात, कधी त्याहून कमी. म्हणजे तिची स्वतःची डिफेन्स, जी आत्ताच बाकावर येऊन टेकली होती, जिने बाटली नुकती उघडली होती, ती मिनिटभरात परत मैदानात. आणि समोर स्टॅनफर्डसारखी टीम, जी घाई न करता चाळीसच्या चाळीस सेकंद वापरत तुम्हाला सात मिनिटं ढकलणार. असं चार वेळा झालं की दमलेली टीम कोणती? वेगाचं हत्यार ज्यांचं होतं त्यांचीच.

म्हणून वेगवान टीमविरुद्ध बॉल किती मिनिटं ठेवला हा आकडा परिणाम आहे, कारण नव्हे. कारण म्हणजे त्यांना पहिल्या डाऊनला किती यार्ड मिळू दिले. तिथे एक-दोन यार्डांत गाठलंत तर दुसऱ्या डाऊनला त्यांना आठ-नऊ हवे असतात, पास टाकावा लागतो, पास जमिनीवर पडला की घड्याळही थांबतं, आणि डिफेन्सला फुकटचा श्वास मिळतो. पहिल्याला सहा-सात दिलेत तर मात्र लोकल सुटली, आता थांबत नाही.

७ नोव्हेंबर २०१३ ला स्टॅनफर्डने घरच्या मैदानावर हे इतकं पूर्णपणे करून दाखवलं की बघताना समोरच्यांची कीव यावी. ऑरेगनला अख्ख्या मॅचमध्ये पळून फक्त ६२ यार्ड, आणि स्टॅनफर्डकडे बॉल ६० पैकी ४२ मिनिटांहून जास्त. टायलर गॅफनीने एकट्याने ४५ वेळा बॉल घेऊन मुसंडी मारली, १५७ यार्ड. चौथ्या क्वार्टरमध्ये एका वेळी २६-०. मारिओटाचा गुडघा त्या वेळी दुखावलेला होता हेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. आणि ह्यापुढचा भाग तर स्टॅनफर्डवाल्यांनी विसरूच नये, शेवटच्या क्वार्टरमध्ये ऑरेगनने २० पॉइंट केले, एक तर अडवलेली किक उचलून पळत नेऊन. २६-२० वर कसंबसं सुटलं. वेगवान टीमपुढे २६ ची आघाडीसुद्धा जीव मुठीत धरून सांभाळावी लागते.

मग सरळ जखमी होऊन पडायचं, आपोआप थांबेल की

होतं असं, दुर्दैवाने. २०१० ला बर्कलीची कॅलिफोर्निया टीम ऑरेगनविरुद्ध खेळताना हे उघड्यावर आलं, गडी एकदम पाय धरून खाली बसायचा, मॅच थांबायची, बाकीचे दम घ्यायचे. ती मॅच ऑरेगनने १५-१३ अशी जेमतेम जिंकली, आणि कॅलिफोर्नियाने नंतर आपल्या एका असिस्टंट कोचला एका मॅचसाठी निलंबित केलं. मला हा प्रकार मुळीच पटत नाही. खरंच लागलेल्या पोराकडे लोक संशयाने बघायला लागतात, आणि ही पोरं एकोणीस-वीस वर्षांची असतात. २०२५ पासून नियम आला की बॉल पुढच्या प्लेसाठी ठेवून झाल्यावर कुणी असा खाली बसला तर त्या टीमचा एक टाइमआउट जातो, तो शिल्लक नसेल तर पाच यार्डांची शिक्षा. बरं झालं.

वेगावरच बंदी घालण्याचाही प्रयत्न झाला. २०१४ ला प्रस्ताव आला की त्या चाळीसातले पहिले दहा सेकंद ऑफेन्सने प्ले सुरूच करायचा नाही, डिफेन्सला बदली करू द्यायची. अलाबामाचे निक सेबन यांच्यासारखे मोठे कोच त्या बाजूने होते, खेळाडूंच्या सुरक्षिततेचं कारण दिलं गेलं. बाकीच्या कोचेसनी एवढा गदारोळ केला की प्रस्ताव बारगळला. आणि खुद्द सेबन यांनी काय केलं? त्याच वर्षी लेन किफिन यांना ऑफेन्स सांभाळायला आणलं आणि अलाबामाचा खेळही वेगवान केला.

पुढे इतर नियमांनी मात्र वेगाची धार थोडी कमी झाली. कॉलेजमध्ये पूर्वी दर दहा यार्डांनंतर घड्याळ थोडं थांबायचं, २०२३ पासून ते हाफची शेवटची दोन मिनिटं सोडली तर चालूच राहतं, त्यामुळे एकूण प्ले कमी झाले. २०२४ पासून दोन्ही बाजूंच्या एकेका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज पोचवायला परवानगी मिळाली, म्हणजे डिफेन्सलाही हातवारे बघत बसावं लागत नाही.

स्टॅनफर्डचा उपाय कुणालाही जमेल?

नाही. स्टॅनफर्डलाही कायम जमला नाही. २०१४ ला ऑरेगनने ४५-१६ असा हिशोब चुकता केला, मारिओटा त्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५ ला स्टॅनफर्ड परत तोडीस तोड आलं पण ३८-३६ ने हरलं, शेवटच्या क्षणी बरोबरीची संधी होती ती हुकली. पद्धत तीच, कोच डेव्हिड शॉ तेच, पण पुढच्या रांगेतली ती माणसं शिकून बाहेर पडली होती. कॉलेजच्या खेळात चार-पाच वर्षांनी अख्खी टीम बदलते, एक फळी गेली की तो उपाय कागदावर उरतो.

आणि ज्यांच्याकडे तशी माणसं आहेत ते वेगळ्या वाटेनेही जातात. १२ जानेवारी २०१५ च्या राष्ट्रीय फायनलमध्ये ओहायो स्टेटने चार वेळा बॉल गमावला, तरी ऑरेगनला ४२-२० हरवलं, कारण इझिकिएल इलियट २४६ यार्ड पळाला आणि त्याला पाडणारं कुणी उरलंच नव्हतं. दहा वर्षांनी, १ जानेवारी २०२५ ला, रोझ बोल नावाच्या मोठ्या मॅचमध्ये त्याच ओहायो स्टेटने ऑरेगनला ४१-२१ धुतलं, एका वेळी तर ३४-० होतं. ओहायो स्टेटची ऑफेन्स त्या मोसमात कोण चालवत होतं? चिप केली. ज्यांनी ऑरेगनला वेग शिकवला तेच, आणि आता प्लेमागून प्ले निवांत घड्याळ वापरत.

तर भाच्याच्या टीमचं काय?

त्याला मी फोनवर एवढंच विचारलं की तुमच्या डिफेन्समध्ये पुढच्या रांगेत आठ गडी आहेत का जे पाळीपाळीने खेळू शकतील, आणि तुमची ऑफेन्स तिसऱ्या डाऊनला दोन-तीन यार्ड जबरदस्तीने काढू शकते का. दोन्हीला हो असेल तर काही खरं नाही असं म्हणायचं कारण नाही. एकाला नाही असेल तर मॅच दुसऱ्या हाफपर्यंत बरी दिसेल आणि मग २०१० सारखी सुटेल. दोन्हीला नाही असेल तर मग थोडं नशीब लागेल, समोरच्यांच्या हातून बॉल सुटणं वगैरे.

ताईला मात्र नियमांपेक्षा सोपी खूण हवी होती. तिला म्हटलं, फळ्याकडे बघूच नकोस. प्ले संपला की दोन्हीकडच्या जाड्या गड्यांचे हात बघ. हात कमरेवर गेले, मान खाली गेली, कुणी गुडघ्यावर हात टेकून वाकला, तर ती बाजू दमली. पहिल्या हाफमध्ये आपल्यांचे हात कमरेवर दिसले तर अवघड आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांचे दिसायला लागले तर मला फोन कर, तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी कर.